शेजाराचें गणित



आजचा विषय नांवानें जड आहे. न्यूक्लीइक आम्लाचे दोन पेड एकमेकांशीं जुळले असतां ती जोडी किती टिकेल, हें प्रयोगाच्या आधींच कसें वर्तवितात, असें त्याचें पूर्ण नांव सांगतां येईल. परंतु यांतील मुख्य गणित बेरजेपलीकडचें नाहीं, आणि ती बेरीज आपण आज येथेंच करून पाहणार आहों. नभोवाणीवर फळा नसतो. तेव्हां ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसावें.

डीएनए हें नांव आतां वर्तमानपत्रांच्या वाचकांस अपरिचित राहिलेलें नाहीं. १८६९ सालीं फ्रीडरिख मीशर या स्विस वैद्यानें जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें रुग्णालयांतील पुवाच्या पट्ट्यांपासून तें द्रव्य प्रथम वेगळें काढलें. पुढें १९५३ सालीं वॉट्सन आणि क्रिक यांनीं केंब्रिज येथें त्याची रचना सांगितली. त्या निर्णयाला रोझॅलिंड फ्रँक्लिन या विदुषीच्या प्रयोगशाळेंत निघालेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा भक्कम आधार होता, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं.

रचना अशी: सुंभाचा दोर वळतांना जसे दोन पेड एकमेकांभोवतीं पिळतात, तसे या रेणूचे दोन पेड पिळलेले असतात. फरक इतकाच कीं, दोराचे पेड नुसत्या पिळानें एकत्र राहतात; येथें मात्र प्रत्येक पेडावर अक्षरें आहेत, आणि समोरासमोरचीं अक्षरें जुळलीं तरच पेड धरून राहतात. अक्षरें एकंदर चार. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन हीं तीं चार द्रव्यें. आपण त्यांना आज अ, थ, ग आणि स म्हणूं. अ च्या समोर थ बसतो, ग च्या समोर स. अ-थ या जोडींत हायड्रोजनचे दोन बंध असतात, ग-स या जोडींत तीन. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. दोन पेडांची दिशा परस्परविरुद्ध असते: एक पेड वरून खालीं वाचावयाचा, तर दुसरा खालून वर. ही गोष्ट पुढें हिशेबांत उपयोगीं पडेल.

आतां असा दुपेडी धागा पाण्यांत घालून हळूहळू तापवूं लागलों तर काय होतें? बराच वेळ कांहीं होत नाहीं. मग थोडक्या अंशांच्या टप्प्यांत पेड भराभर सुटतात. डोळ्यांना यांतलें कांहीं दिसत नाहीं. पाणी पूर्वींसारखेंच नितळ. परंतु ज्यांची लहर २६० नॅनोमीटर लांबीची आहे असे जंबुपार किरण (यांनाच आतां अतिनील म्हणतात) त्या पाण्यांतून सोडले, तर सुटे पेड ते किरण जुळलेल्या पेडांपेक्षां सुमारें ३० ते ४० टक्के अधिक शोषून घेतात. शोषण जेथें अर्ध्यावर चढलें तेथें अर्ध्या जोड्या सुटल्या असें समजावयाचें. त्या उष्णमानाला आपण उकलबिंदु म्हणूं. हार्वर्ड विद्यापीठांत ज्यूलियस मार्मर आणि पॉल डोटी यांनीं १९६० च्या सुमारास दाखविलें कीं, सुटलेले पेड सावकाश थंड होऊं दिले तर ते आपापला जोडीदार पुन्हां शोधून काढतात. १९६२ सालीं त्यांनींच हेंही मांडलें कीं, लांब धाग्यांत ग-स जोड्यांचें प्रमाण शेंकडा एकानें वाढलें तर उकलबिंदु सुमारें ०.४१ अंशानें चढतो. तीन बंधांची जोडी दोन बंधांच्या जोडीपेक्षां बळकट, ही गोष्ट सहज पटण्याजोगी असल्यामुळें पुष्कळ दिवस पुष्कळांचें समाधान तेवढ्यावर झालें.

परंतु हा उकलबिंदु आधीं कळण्याची एवढी निकड कोणाला आणि कशासाठीं? उत्तरादाखल एकच उदाहरण घेतों, कारण तें आपल्या दाराशीं आहे.

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग विदर्भांत, नंदुरबारकडील सातपुड्यांत आणि मध्य भारताच्या आदिवासी वस्त्यांत मुरलेला आहे. रक्ताच्या तांबड्या पेशी त्यांत विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाला असह्य वेदना होतात. भारत सरकारनें २०२३ सालीं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या रोगाचें मूळ किती लहान आहे पाहा: हिमोग्लोबिनच्या एका भागाची आज्ञा लिहिलेल्या डीएनएमध्यें, सहाव्या शब्दांत, ‘गअग’ च्या जागीं ‘गथग’ पडतें. मनुष्याच्या डीएनएच्या एका संचांत सुमारें तीनशें कोटि अक्षरें असतात. त्यांतील एक अक्षर बदललें. ज्याला हें सदोष अक्षर आईबापांपैकीं एकाकडूनच मिळालें तो केवळ वाहक. त्याला बहुधा कांहीं होत नाहीं. परंतु नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या बाबतींत चारांत एक संभव असा कीं, मुलाला दोन्हीकडून सदोष अक्षर मिळेल.

वाहक हुडकण्यासाठीं गांवोगांवच्या शिबिरांत साधी रक्तपरीक्षा पुरते. गर्भाची गोष्ट निराळी. मोठेपणीं जें हिमोग्लोबिन रक्तांत असतें तें गर्भाच्या रक्तांत अद्यापि फार थोडें असल्यामुळें तेथें डीएनएच वाचावें लागतें. तें वाचण्याची एक सुटसुटीत युक्ति कॅलिफोर्नियांतील सिटी ऑफ होप या संस्थेंत ब्रूस वॅलेस आणि त्यांचे सहकारी यांनीं काढली. आधीं १९७९ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, कृत्रिम रीतीनें तयार केलेल्या डीएनएच्या आंखूड तुकड्यांत एकच अक्षर बेजोड असलें तरी त्याचा उकलबिंदु स्पष्टपणें उतरतो. मग १९८३ सालीं त्यांनीं १९ अक्षरांचे दोन तुकडे केले: एक निरोगी मजकुराशीं तंतोतंत जुळणारा, दुसरा सिकलच्या मजकुराशीं. दोन्ही तुकडे त्याच माणसाच्या डीएनएला लावून पाहावयाचे. पहिलाच चिकटला तर माणूस निरोगी, दुसराच चिकटला तर रोगी, दोन्ही चिकटले तर वाहक.

येथें सर्व भिस्त धुण्याच्या उष्णमानावर. तें जरा कमी राहिलें कीं एक अक्षर चुकलेला तुकडाही चिकटून राहतो आणि निरोगी गर्भावर वाहकाचा शिक्का बसतो. जरा अधिक झालें कीं बरोबर जुळलेला तुकडाही सुटून वाहून जातो, आणि परीक्षा मुकी राहते. परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बाहेर बांकावर बसलेल्या जोडप्याला या दोन अंशांची कल्पनाही नसते.

आंखूड तुकड्यांसाठीं वॅलेस यांच्या नांवानें एक आडाखा रूढ झाला. प्रत्येक अ किंवा थ ला दोन अंश, प्रत्येक ग किंवा स ला चार अंश. बेरीज करा, उकलबिंदु आला. आडाखा तोंडी करण्याजोगा आहे, आणि ढोबळ कामाला तो अजूनही चालतो. परंतु त्यांत एक मोठी उणीव आहे. तो अक्षरें मोजतो, अक्षरांचा क्रम पाहत नाहीं. ‘रसद’ आणि ‘सदर’ या शब्दांत अक्षरें तींच आहेत. म्हणून कोणी दोहोंचा अर्थ एक मानील काय?

क्रमाला एवढें महत्त्व कां, हें समजण्यासाठीं धागा निराळ्या बाजूनें पाहिला पाहिजे. आपण आतांपर्यंत समोरासमोरच्या जोडीकडे पाहत होतों. परंतु प्रत्येक जोडी ही एक सपाट चकतीही आहे, आणि या चकत्या एकीवर एक रचलेल्या आहेत, रुपयांची चळत रचावी तशा. दोन चकत्यांमधील अंतर मीटरच्या सुमारें तिनशें कोटीव्या भागाइतकें. एवढ्या निकट आल्यावर वरची चकती खालच्या चकतीला धरून ठेवते. पाण्यालाही त्या सपाट पृष्ठभागांच्या मधून बाहेर सारलें जाणें सोईचें पडतें. समोरासमोरच्या हायड्रोजन-बंधांचें म्हणाल तर तेथें एक मौज आहे. पेड सुटले म्हणजे हे बंध तुटतात खरे, परंतु भोंवतीं पाणी असतेंच, आणि मोकळीं झालेलीं अक्षरें पाण्याशीं तसेच बंध जोडून घेतात. म्हणजे एका हातानें गेलेलें दुसऱ्या हातानें बहुतांशीं परत येतें. बॉस्टन येथील मॅक्सिम फ्रँक-कामेनेत्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून असाच निर्णय दिला कीं, धाग्याच्या टिकाऊपणाचा मुख्य वांटा चळतीचा आहे. समोरच्या अक्षराशीं जुळणें हें जोडीदार ओळखण्याचें काम करतें. बळ येतें तें शेजाऱ्याकडून.

आणि शेजारी कोण आहे, यावर चळतीचें बळ अवलंबून असतें. अ वर ग रचला तर एक बळ, अ वर थ रचला तर दुसरें. संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना संधीचे नियम आठवत असतील: वर्ण तोच, परंतु पुढें कोणता वर्ण आला यावर त्याचा विकार ठरतो. येथेंही हिशेबाचें मूळ माप अक्षर नव्हे. लागोपाठच्या दोन अक्षरांची पायरी हें माप आहे.

आतां पायऱ्या किती प्रकारच्या? चार अक्षरांपुढें चार अक्षरें, म्हणजे सोळा. परंतु दुसरा पेड उलट्या दिशेनें वाचतात हें आपण मघाशीं पाहिलें. एका पेडावर ‘अग’ वाचलें तर त्याच पायरीवर दुसऱ्या पेडावर ‘सथ’ वाचलें जाईल. म्हणजे ‘अग’ आणि ‘सथ’ या दोन पायऱ्या नव्हेत, एकच. सोळांपैकीं ‘अथ’, ‘थअ’, ‘गस’ आणि ‘सग’ या चार दोन्ही बाजूंनीं सारख्याच वाचल्या जातात. राहिलेल्या बारा दोन-दोन मिळून सहा होतात. चार आणि सहा, दहा. दहा पायऱ्यांचे दहा आंकडे माहीत झाले कीं कोणत्याही धाग्याचें बळ बेरजेनें काढतां आलें पाहिजे.

हें बोलायला सोपें गेलें. आंकडे मिळवावयाला मात्र कित्येक वर्षें लागलीं. त्यासाठीं ठराविक मजकुराचे आंखूड धागे हवेत, आणि निसर्गांत ते तयार मिळत नाहींत. असे धागे प्रयोगशाळेंत अक्षर-अक्षर जोडून घडविण्याच्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत आपले हरगोविंद खोराना प्रमुख होते. १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. आरएनए या भावंड-रेणूसाठीं पायऱ्यांचें कोष्टक १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत बर्कले येथील इग्नासिओ टिनोको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार करण्यास आरंभ केला. डीएनएसाठीं केनेथ ब्रेस्लावर प्रभृतींनीं १९८६ सालीं दहाही आंकड्यांचें कोष्टक दिलें. त्यानंतर कोष्टकांना तोटा राहिला नाहीं, आणि हीच पंचाईत झाली. एकाचे आंकडे दुसऱ्याशीं जुळेनात. कोणीं लांब धागे वापरले, कोणीं आंखूड. कोणाच्या पाण्यांत मीठ अधिक, कोणाच्या कमी. शेवटीं १९९८ सालीं अमेरिकेंतील वेन स्टेट विद्यापीठाचे जॉन सांतालुचिआ यांनीं सात प्रयोगशाळांच्या खतावण्या एकत्र मांडल्या, सर्वांचे आंकडे एकाच मापांत आणले, आणि दाखविलें कीं सातांपैकीं सहांचा हिशेब मुळांत चांगलाच जुळतो. भांडण निसर्गाचें नव्हतेंच. तें वह्या लिहिण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांचें होतें. नवा आंकडा शोधणाऱ्याचें नांव होतें. जुने आंकडे जुळवून देणाऱ्याच्या कामाची तितकी वाहवा होत नाहीं. माझ्या मतें या कामाची योग्यता कोणत्याही नव्या शोधाहून कमी नाहीं.

त्यांच्या कोष्टकांतील आंकडे मी आतां सांगतों, लिहून घ्यावेत. प्रत्येक आंकडा उणा आहे, आणि माप किलोकॅलरी दर मोल, उष्णमान ३७ अंश, म्हणजे शरीराचें. उणा आंकडा जितका मोठा तितकी पायरी बळकट समजावयाची. गस २.२४, सग २.१७, गग १.८४, सअ १.४५, गथ १.४४, गअ १.३०, सथ १.२८, अअ १.००, अथ ०.८८, आणि सर्वांत दुबळी थअ, ०.५८. शेवटल्या दोहोंकडे पाहा. ‘अथ’ आणि ‘थअ’ या दोन्हींत जोड्या त्याच, बंध तितकेच. केवळ कोण आधीं आणि कोण नंतर एवढ्यानें बळ ०.८८ वरून ०.५८ वर येतें. जीवसृष्टीला या दुबळ्या पायरीचा उपयोग माहीत आहे. जंतूंच्या डीएनएवर जेथून आज्ञेची नक्कल करण्यास आरंभ होतो, तेथें पेड आधीं सुटावे लागतात. आणि नेमक्या त्या ठिकाणीं ‘थअथअअथ’ यासारखा मजकूर आढळतो.

कोष्टकांत आणखी एक रकम खर्चाची आहे. मोकळे हिंडणारे दोन पेड प्रथम एकत्र आणावे लागतात, त्याचा हा खर्च. टोंकाला ग किंवा स असेल तर ०.९८, अ किंवा थ असेल तर १.०३; दोन्ही टोंकांचा निराळा धरावयाचा, आणि तो अधिक चिन्हाचा असल्यामुळें बळांतून वजा होतो.

आतां उदाहरण. एक धागा घ्या: ‘गसगसअअअअ’. दुसरा घ्या: ‘गअसअगअसअ’. दोहोंत ग दोन, स दोन, अ चार. दोन्ही ग पासून सुरू होतात, अ पाशीं संपतात. वॅलेस यांचा आडाखा दोघांनाही सारखेच २४ अंश देईल. पायऱ्या मोजूं. भेंड्यांच्या खेळांत जसें मागच्या गाण्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचें गाणें सुरू होतें, तशी येथेंही प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होते. पहिल्या धाग्यांत गस, सग, गस, सअ, आणि मग तीन वेळां अअ. बेरीज ११.१०. दुसऱ्यांत गअ, अस, सअ, अग, गअ, अस, सअ. यांतील ‘अस’ म्हणजे दुसऱ्या पेडावरून वाचलेली ‘गथ’, आणि ‘अग’ म्हणजे ‘सथ’. बेरीज ९.६६. दोहोंतून टोंकांचा खर्च २.०१ वजा केला म्हणजे पहिल्याचें बळ ९.०९, दुसऱ्याचें ७.६५. फरक १.४४.

हा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु तसा तो नाहीं. शाळेंत ज्यांनीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें वापरलीं असतील त्यांना ठाऊक आहे कीं, तेथें बेरीज केली कीं मूळ संख्यांचा गुणाकार होतो. येथेंही तेंच. ऊर्जेंत शरीराच्या उष्णमानावर सुमारें १.४ ची भर पडली कीं जुळण्याची ओढ दसपट होते. तींच अक्षरें, तितकींच अक्षरें, क्रम बदलला आणि ओढ दसपट.

उकलबिंदु काढावयाचा तर बळाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. पेड जुळतांना उष्णता बाहेर पडते, ही जमेची बाजू. आणि मोकळेपणीं वळवळणारे पेड एका ठराविक आकारांत बांधले जातात, त्यांचें स्वातंत्र्य जातें, ही खर्चाची बाजू. या दुसऱ्या बाजूला शास्त्रांत एंट्रॉपी म्हणतात. तिचा खर्च उष्णमानाच्या प्रमाणांत वाढत जातो. जमा जवळजवळ स्थिर आणि खर्च वाढता, तेव्हां कोठें तरी दोन्ही बाजू समसमान होणारच, तेथेंच उकलबिंदु. दहाही पायऱ्यांसाठीं या दोन्ही बाजूंचे आंकडे वेगवेगळे मोजलेले आहेत. द्रवांत पेड किती दाट आहेत यावरही हा बिंदु सरकतो, कारण विरळ वस्तींत जोडीदार भेटणें कठीण. आपल्या दोन धाग्यांचा हिशेब एका मोलर मिठाच्या पाण्यांत आणि लिटरमागें मोलच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतके पेड धरून केला, तर पहिल्याचा उकलबिंदु सुमारें ५१ अंश येतो आणि दुसऱ्याचा सुमारें ४४. आडाख्याला जे एकच दिसत होते त्यांच्यांत सात अंशांचें अंतर!

मिठाचा उल्लेख ओघानें आला, पण तो महत्त्वाचा आहे. पेडाचा कणा फॉस्फेटचा असून त्यावर सर्वत्र ऋण विद्युद्भार असतो. म्हणजे दोन्ही पेड एकमेकांना ढकलीत असतात. मिठांतील सोडियमचे धनभारित अणु मध्यें येऊन हें वैर सौम्य करतात. मीठ दसपट केलें तर लांब धाग्यांचा उकलबिंदु सुमारें साडेसोळा अंशांनीं चढतो, असें शिल्डक्राउट आणि लिफ्सन यांनीं १९६५ सालीं सांगितलें. मॅग्नेशियम तर सोडियमपेक्षां पुष्कळच प्रभावी. म्हणून कोणत्या पाण्यांत, हें न सांगतां कोणी उकलबिंदु सांगूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

या गणिताच्या मर्यादा मोकळेपणानें सांगितल्या पाहिजेत. आंखूड धाग्यांचा उकलबिंदु ह्या रीतीनें साधारणपणें दोन अंशांच्या आंतबाहेर वर्ततो, आणि तेवढें बहुतेक कामांना पुरतें. परंतु पेड नेहमीं शहाण्यासारखे वागत नाहींत. आपल्या पहिल्या उदाहरणांतील ‘गसगस’ हा तुकडा दुसऱ्या बाजूनेंही ‘गसगस’ असाच वाचला जातो. त्यामुळें त्याच पेडाच्या दोन प्रती एकमेकींना बिलगूं शकतात, आणि खरा जोडीदार बाजूला राहतो. कधीं लांबसा पेड स्वतःवरच दुमडून केसांच्या आंकड्यासारखा होतो. अशा उपद्रवांची बेरीजही याच कोष्टकानें करतात, आणि पेड निवडतांना ते आधींच गाळून टाकतात. जिवंत पेशींत धाग्याभोवतीं प्रथिनांची इतकी दाटी असते कीं, तेथें हें साध्या पाण्यांतलें कोष्टक जसेंच्या तसें लावतां येत नाहीं.

आज या बेरजेचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे पीसीआर. कॅरी मुलिस यांना १९८३ सालीं सुचलेल्या या कृतींत डीएनएच्या इष्ट भागाच्या प्रती दुपटीदुपटीनें वाढवितात, आणि त्यासाठीं सुमारें २० अक्षरांचे दोन आंखूड पेड त्या भागाच्या दोन टोंकांशीं चिकटावे लागतात. दोघांचे उकलबिंदु जवळजवळ सारखे हवेत. नाहीं तर एक बसतो तोंच दुसरा उठतो. २०२० सालीं करोनाच्या सांथींत नाकांतून घेतलेल्या नमुन्यांच्या ज्या असंख्य परीक्षा झाल्या, त्यांच्यासाठीं असे पेड ठरवितांना संगणकावर हीच बेरीज झालेली होती. आणि या कृतीचा छापून आलेला पहिला उपयोग, १९८५ सालीं, सिकल सेलच्याच निदानासाठीं होता.

तेव्हां त्या रोगाच्याच मजकुराची बेरीज करून मी आपली रजा घेतों. निरोगी माणसांत त्या जागीं ‘ससथगअगगअग’ अशीं नऊ अक्षरें आहेत, रोग्यांत ‘ससथगथगगअग’. ‘सस’ म्हणजे ‘गग’, आणि ‘थग’ म्हणजे ‘सअ’, एवढें ध्यानांत ठेवावें. पहिल्याची बेरीज ११.५७, टोंकांचा खर्च १.९६ वजा जातां ९.६१. दुसऱ्यांत ‘गअ’ आणि ‘अग’ जाऊन ‘गथ’ आणि ‘थग’ येतात, म्हणजे २.५८ च्या जागीं २.८९, आणि बळ ९.९२. अ आणि थ यांना सारखेच दोन अंश देणाऱ्या आडाख्याला यांत कांहींच फरक दिसला नसता. आतां निरोगी मजकुराचा पेड रोग्याच्या डीएनएवर बसवून पाहा. मधल्या जागीं अ समोर अ येतो, किंवा दुसऱ्या पेडानें पाहिलें तर थ समोर थ. एका अक्षराच्या चुकीनें दोन पायऱ्या मोडतात, कारण तें अक्षर दोन पायऱ्यांत सामील आहे. २.५८ चा आधार जातो, आणि वर थोडा भुर्दंड बसतो. मघांच्या लॉगॅरिथमच्या हिशेबानें जुळण्याची ओढ शंभर पटींहून अधिक घटते. धुण्याचें उष्णमान बरोबर त्या फटींत ठेवावयाचें असतें: जुळलेला पेड राहील आणि बेजोड पेड वाहून जाईल अशा ठिकाणीं. पेड नऊ अक्षरांचा असेल तर ही फट रुंद असते, पण एवढा आंखूड मजकूर तीनशें कोटि अक्षरांत हजारों ठिकाणीं सांपडेल. पेड फार लांब केला तर एका चुकीचें त्याला कांहींच वाटत नाहीं. वॅलेस प्रभृतींनीं १९ अक्षरें घेतलीं तीं या दोहोंच्या मधलीं.